बशीतली बक्षिशी आणि सरकारचा वाटा

हॉटेलात जेवण झाले की बडीशेपेच्या बशीतून बिल येते. पैसे चुकते केल्यावर उरलेल्या मोडीतली दहा-वीसची एखादी नोट आपण बशीतच ठेवतो आणि उठतो. ती वेटरच्या खिशात जाते, एवढेच आपल्याला माहीत असते. कायद्याच्या दृष्टीने ती नोट काय आहे, पगार, भेट, दान की कमाई, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. प्राप्तिकर खात्याच्या मनात मात्र तो आला, आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला.

अलीकडे हा विषय पुन्हा चर्चेत आला तो अमेरिकेमुळे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लास व्हेगासमधल्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी 'बक्षिशीवर कर नाही' अशी घोषणा केली. लास व्हेगास हे शहरच हॉटेले आणि जुगारघरांवर जगणारे. तिथल्या वेटर मंडळींना ती आवडली नसती तरच नवल. दोन महिन्यांत प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांनीही तेच आश्वासन दिले. ४ जुलै २०२५ रोजी कायदा झाला. आता आपल्याकडेही कुणी विचारू लागले आहे, की गरिबाच्या हातावर पडलेल्या चार पैशांत सरकारने वाटा कशाला मागावा?

प्रश्न मनाला भिडणारा आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे.

बक्षीस आणि बक्षिशी

'टिप' या इंग्रजी शब्दाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. तत्पर सेवा मिळावी म्हणून पेटीत आधीच पैसे टाकायचे आणि त्या पेटीवर तीन शब्द लिहिलेले असायचे, त्यांची आद्याक्षरे म्हणजे 'टिप'. गोष्ट गोड आहे, पण शब्दकोशकार ती खरी मानत नाहीत. आपला शब्द फारसीतून आला. मराठीत त्याचे दोन संसार झाले. जमीन किंवा घर प्रेमाने कुणाला देऊन टाकायचे तर आपण 'बक्षीसपत्र' करतो. आणि हमालाने सामान फलाटावर नीट उतरवले तर 'बक्षिशी' देतो. बक्षीसपत्रात देणाऱ्याला मोबदल्यात काही मिळालेले नसते. बक्षिशीत सेवा मिळालेली असते.

करकायद्याचे सगळे गणित या फरकावर उभे आहे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात मिळालेल्या रोख भेटी ५०,००० रुपयांपर्यंत असतील तर त्यांवर कर नाही; त्या मर्यादेबाहेर गेल्या तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. मग एखादा वेटर म्हणेल, "मला कुणीच एका वेळी शंभर-दोनशेच्या वर देत नाही, मग माझ्या या भेटीच नव्हेत का?" नव्हेत. पहिली गोष्ट, मर्यादा वर्षाच्या एकूण रकमेला आहे, एकेका नोटेला नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट, ही रक्कम त्याला कामामुळे मिळते. तो त्या टेबलाशी उभा नसता तर मिळाली नसती.

दिवाणसाहेब आणि वेदान्ताचे गुरू

मनापासून दिलेले पैसे आणि कामामुळे मिळालेले पैसे यांत फरक कसा करायचा? सर्वोच्च न्यायालयाची दोन जुनी प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे तो कळतो.

भावनगर संस्थानचे दिवाण अनंतराय पट्टणी निवृत्त झाल्यावर महाराजांनी १९५० मध्ये त्यांना पाच लाख रुपये दिले. त्या काळचे पाच लाख! खाते म्हणाले, ही नोकरीची कमाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, नाही. महाराजांनी आपल्या माणसाविषयीच्या आपुलकीने दिलेली ती वैयक्तिक भेट आहे. कर लागला नाही.

दुसरे प्रकरण त्रावणकोरचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कृष्ण मेनन वेदान्त शिकवीत. ते कुणाकडे फी मागत नसत. इंग्लंडहून येणाऱ्या लेव्ही नावाच्या शिष्याने त्यांना वेळोवेळी मोठ्या रकमा दिल्या. १९५८-५९ च्या सुमारास लागलेल्या निकालात न्यायालय म्हणाले, शिकवणे हा त्यांचा व्यवसाय झाला होता, पैसे त्या शिकवण्यामुळे आले, सबब ते उत्पन्न आहे. पैसे कमावण्याचा हेतू होता की नव्हता, हे बघण्याचे कारण नाही.

दिवाणांना पाच लाख मिळाले आणि कर नाही; गुरूंना दक्षिणा मिळाली आणि कर लागला. ऐकायला विचित्र वाटते. पण कसोटी एकच आहे: पैसे माणसाकडे बघून दिले की त्याच्या कामाकडे बघून?

क्रिकेटच्या शौकिनांसाठी इंग्लंडमधली जोडी अधिक रंजक आहे. केंट परगण्याचा फलंदाज जेम्स सेमूर याला त्याच्या गौरवासाठी भरवलेल्या सामन्यातून सुमारे ९३९ पौंड मिळाले. १९२७ मध्ये तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की ती चाहत्यांनी एकदाच दिलेली भेट आहे, तिच्यावर कर नाही. पुढे ऑस्ट्रेलियाचा ब्रूस डूलंड लँकेशायर लीगमध्ये व्यावसायिक म्हणून खेळू लागला. त्याच्या करारातच लिहिले होते, की अर्धशतक काढले, सहा बळी घेतले किंवा हॅट्ट्रिक केली तर मैदानावर प्रेक्षकांकडून वर्गणी गोळा करून त्याला द्यायची. १९५५ मध्ये न्यायालयाने सांगितले, हे त्याच्या धंद्याचे उत्पन्न आहे. डूलंडची ती वर्गणी म्हणजे दुसरे काय होते? बक्षिशीच.

१९४७ मध्ये तिथल्याच एका टॅक्सीचालकाच्या प्रकरणात हाच न्याय लावला गेला. प्रवाशांनी नेहमी भाड्यावर दिलेले जादा पैसे म्हणजे उत्पन्न. सणाला एखाद्या ओळखीच्या गिऱ्हाइकाने खास त्याला म्हणून दिलेली मोठी भेट मात्र वेगळी. आपल्याकडच्या दिवाळीच्या पोस्तीशी याचे नाते लागते. टपालवाला, वॉचमन, दूधवाला, कचरा नेणाऱ्या बाई यांना आपण सणाला पाकीट देतो, त्यात थोडी सेवा असते आणि थोडी आपुलकी. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, हे ठरवणे सोपे नाही. सुदैवाने या रकमा इतक्या लहान असतात की न्यायालयात जाण्याची वेळ येत नाही.

पंचतारांकित वाद

बक्षिशी रोख होती तोवर कुणी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. क्रेडिट कार्ड आले आणि चित्र बदलले. गिऱ्हाईक बिलावरच टिपेची रक्कम लिहू लागले, पैसे आधी हॉटेलच्या खात्यात जाऊ लागले आणि मग हॉटेल ते कर्मचाऱ्यांना वाटू लागले. खात्याने मोठ्या हॉटेलांना विचारले, तुम्ही नोकरांना पैसे देता, तर पगारासारखा कर उगमातच का कापला नाही?

आयटीसी कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये खात्याचे म्हणणे मान्य केले. थेट हातात दिलेली रोख बक्षिशी वेगळी. पण पैसे मालकाच्या हातून गेले की ते पगारातच आले, असा त्या निकालाचा आशय होता. २६ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने सांगितले, की हॉटेल हे पैसे विश्वस्ताच्या नात्याने सांभाळते. पैसे गिऱ्हाइकाचे, जायचे नोकराकडे. मालक मधला निरोप्या. नोकरीच्या करारामुळे मालक जे देणे लागतो तो पगार. बक्षिशी मालक देणे लागत नाही, म्हणून ती पगार नाही आणि मालकाने तिच्यावर कर कापण्याचा प्रश्न नाही.

या निकालाचा अर्थ 'बक्षिशी करमुक्त झाली' असा अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. न्यायालयाने एवढेच म्हटले की ती 'पगार' या सदरात येत नाही. 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' या सदरात ती येतेच, आणि ती दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली. कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व बदललेले नाही.

माफी द्यावी का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बक्षिशीला करमाफी द्यावी असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. पहिला, ही कष्टकऱ्याची अनिश्चित कमाई आहे. आज आहे, उद्या नाही. दुसरा, देणाऱ्याने आपल्या उत्पन्नावर कर भरलेलाच आहे, मग त्याच पैशावर पुन्हा कर कशाला? तिसरा, वसुली न्याय्य होत नाही. कार्डावर किंवा मोबाइलवरून टिप घेणारा सापडतो, रोख घेणारा सुटतो. म्हणजे शिक्षा प्रामाणिकाला.

दुसरा मुद्दा आधी बाजूला करू. डॉक्टरांची फी, शिकवणीचे पैसे, किराणा दुकानदाराचा नफा, हे सगळे आपण कर भरलेल्या पैशातूनच देतो. म्हणून त्यांना कर माफ होत नाही.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण आकडे मांडून पाहा. समजा एका वेटरला महिन्याला १५,००० रुपये पगार आणि ८,००० रुपये बक्षिशी मिळते. वर्षाचे झाले २,७६,००० रुपये. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि १२ लाखांपर्यंत सूट मिळून देणे शून्यावर येते. म्हणजे या वेटरला बक्षिशीवर एक पैसाही कर नाही. मोठ्या हॉटेलातल्या कॅप्टनचा पगार ६०,००० आणि बक्षिशी ३०,००० धरली तरी वर्षाचे होतात १० लाख ८० हजार. त्यालाही कर नाही, फक्त विवरणपत्र भरावे लागेल. तेव्हा माफी दिली तर ती गरिबाला मिळणारच नाही, कारण त्याच्याकडून कुणी काही घेतच नाही. ती मिळेल ती याहून वरच्या थरातल्या मोजक्यांना.

अमेरिकेचा अनुभव हेच सांगतो. तिथल्या नव्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५,००० डॉलरपर्यंतच्या बक्षिशीची वजावट दिली. दीड लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेले की ती कमी होत जाते. पण येल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने कायदा होण्यापूर्वीच दाखवून दिले होते, की बक्षिशीवर जगणाऱ्या कामगारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांचे उत्पन्न इतके कमी आहे की २०२२ मध्ये त्यांना केंद्राचा प्राप्तिकर लागूच नव्हता. त्यांच्या पदरात या माफीने काय पडले? सामाजिक सुरक्षेसाठी होणारी कपात तर चालूच राहिली.

शिवाय 'बक्षिशी म्हणजे काय' हे ठरवताना सरकारची दमछाक झाली. कोणत्या व्यवसायांत बक्षिशीची रूढी आहे त्यांची यादी करावी लागली. बिलात सक्तीने लावलेला आकार चालणार नाही, असे सांगावे लागले. कारण उघड आहे. माफीचे दार उघडले की जो तो आपल्या फीला बक्षिशी म्हणू लागतो.

त्याहून मोठा प्रश्न स्वयंपाकघरात उभा आहे. गिऱ्हाइकासमोर येणाऱ्या वेटरला बक्षिशी मिळते. आत भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या पोऱ्याला बहुधा मिळत नाही. दोघांची वर्षाची कमाई सारखीच असेल तर एकाला कर आणि दुसऱ्याला माफी, हा कुठला न्याय? उत्पन्न सारखे, तर कर सारखा. हे तत्त्व सोडले तर करव्यवस्थेवरचा विश्वासच जातो.

खरे नुकसान कुठे होते

माझ्या मते या वादात कामगाराचे खरे दुखणे बाजूलाच राहते. बक्षिशी पगारात धरली जात नाही याचा फायदा कामगाराला वाटतो तेवढा नाही.

१९७६ मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गिऱ्हाइकाकडून मिळणारी बक्षिशी ही मालकाने दिलेली मजुरी नव्हे. कामगारांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. 'तुला टिप मिळते ना, मग पगार कमी घे' असे मालकाला म्हणता येत नाही. अमेरिकेत मात्र असे म्हणता येते. तिथल्या केंद्रीय कायद्याने बक्षिशी घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन तासाला अवघे २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या कायद्याखालीही बक्षिशी 'वेतन' नाही असे आपल्या न्यायालयाने ठरवले. म्हणजे विम्याची वर्गणी तिच्यावर नाही, भविष्यनिर्वाह निधी तिच्यावर नाही, निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मोजताना ती नाही. ज्याच्या घराचा तिसरा हिस्सा खर्च बक्षिशीवर चालतो, त्याचे म्हातारपण मात्र फक्त पगारावर मोजले जाते. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले बंद पडली तेव्हा हे अनेक घरांना कळले. पगाराचे काही ना काही निघाले, बक्षिशी एका दिवसात शून्यावर आली.

घरासाठी कर्ज मागायला गेले की बँक उत्पन्नाचा कागद मागते. रस्त्यावर अपघात झाला तर भरपाई ठरवताना न्यायाधिकरण विचारते, मृताची कमाई किती होती? घरची बाई म्हणते, "साहेब, पगार पंधरा, पण वर सात-आठ हजार मिळायचे." तिच्या हातात कागद नसतो. प्राप्तिकराचे विवरणपत्र हा अशा वेळी भक्कम पुरावा ठरतो. ज्याने कर लागत नसतानाही दरवर्षी बक्षिशीसह उत्पन्न दाखवले, त्याने कुटुंबासाठी एक फुकटचा विमाच उतरवला म्हणायचा.

मग करावे काय?

तेव्हा माफीच्या मागे लागण्यापेक्षा दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असे सुचवावेसे वाटते.

पहिली, बक्षिशीचा प्रत्येक पैसा कामगाराच्याच हाती पडावा, असा स्पष्ट कायदा हवा. ब्रिटनमध्ये २०२३ साली तसा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू झाला. मालकाला बक्षिशीतले काहीही स्वतःकडे ठेवता येत नाही आणि वाटप न्याय्य पद्धतीने करावे लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाला विश्वस्त म्हटलेच आहे. विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो, एवढे कायद्यात लिहून टाकायचे.

दुसरी, आचारी आणि भांडेवाल्यालाही त्यात वाटा असावा. अनेक चांगल्या हॉटेलांत गल्ल्याजवळ एक पेटी असते, सगळी बक्षिशी तिच्यात पडते आणि ठरलेल्या दिवशी सर्वांत वाटली जाते. वाटपाच्या वहीत सही झाली की उत्पन्नाचा कागदही आपोआप तयार होतो.

तिसरा मुद्दा, प्रामाणिकालाच शिक्षा होते हा, आता आपोआपच विरघळत चालला आहे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मोबाइलवर पैसे घेतात, आणि वेटरच्या खात्यातही टिप थेट जमा होऊ लागली आहे. बँकेच्या उताऱ्यावर ती दिसते. जे बक्षिशीवर जगतात त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. एका वहीत रोजची रक्कम लिहावी, एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले तर विवरणपत्र भरावे. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तर बक्षिशीवर मालक कर कापत नाही हे लक्षात ठेवून आगाऊ कर वेळेवर भरावा, नाहीतर व्याज बसते.

आणि आपण, देणारे? बिलात आधीच छापून येणारा 'सेवा आकार' म्हणजे बक्षिशी नव्हे. तो हॉटेलच्या खात्यात जातो. त्यातले वेटरला किती मिळाले हे आपल्याला कळत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये आपोआप लावलेल्या सेवा आकाराला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्याच वर्षी मे महिन्यात, गाडी येण्यापूर्वीच आगाऊ टिप मागणाऱ्या एका टॅक्सी कंपनीला याच प्राधिकरणाने नोटीस काढली. सेवेआधी मागितलेले आणि न दिल्यास गाडी न येणारे पैसे, त्यांना बक्षिशी म्हणायचे तरी कसे?

बक्षिशी द्यायची ती खुशीने, काम झाल्यावर आणि काम करणाऱ्याच्या हातात. पैसे मोबाइलवरून देणार असाल तर मालकाच्या खात्यात जातात की त्याच्या, एवढे त्यालाच विचारून घ्या. सरकारचा वाटा किती, हे त्याच्या वर्षाच्या हिशेबात ठरेल, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो शून्यच निघेल. मालकाचा वाटा मात्र कायम शून्य असायला हवा, आणि त्यावर लक्ष ठेवणे आपल्या हाती आहे.